खालून कापलेलं गाव

चौकीतल्या टेबलाच्या काचेखाली गणपतीचं कॅलेंडर होतं, रक्तदान शिबिराचा एक फोटो होता आणि अस्मिता कानिटकरचा लेख होता. कडा सरळ कापलेल्या, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. एका ओळीखाली लाल बॉलपेननं रेघ मारली होती. ‘काशीडोबा आता कुठेच नाही.’ ओळ तिचीच होती. लिहिली तेव्हा तिला ती फार आवडली होती.

“हे तुमचंच ना?” उपनिरीक्षकांनी विचारलं.

“माझंच.”

“मग वाद कशाचा आहे, मॅडम? ह्याच्या कार्डावर गाव काशीडोबा. तुम्ही लिहिता, काशीडोबा कुठेच नाही. आम्ही तिथल्या ठाण्याला फोन लावला, तर तेही म्हणतात गाव नदीत गेलं. आता तुम्हीच सांगा, नसलेल्या गावात माणूस राहतो कसा?”

हे ज्याच्याबद्दल चाललं होतं तो मागच्या बाकावर बसला होता. शुकुर अली. मांजरीच्या एका बांधकामावर सेंटरिंगचं काम करणारा, मूळचा आसामातला, ब्रह्मपुत्रेतल्या एका बेटावरचा. तिथून बांगलादेशची हद्द होडीनं थोड्या वेळात गाठता येते, हेच त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुर्दैव. आदल्या दिवशी मजुरांच्या पडताळणीत त्याला आणखी काही जणांबरोबर उचललं होतं. आणि उद्या सकाळी ह्या सगळ्यांना गाडीत घालून सीमेकडे रवाना करायचं होतं. सीमेवर पुढे काय होतं ते अस्मिताला माहीत होतं. असं ढकललेल्या एका माणसाला ती पूर्वी भेटली होती. त्याला शेताच्या बांधावर उभं करून सांगितलं होतं, मागे बघू नकोस, चालायला लाग. परत यायला त्याला अर्धं वर्ष लागलं, आणि परत आला हेच नशीब.

“गाव सरकलंय,” ती म्हणाली. “तिकडची बेटं नदीत जातात आणि नवी वर येतात. ही माणसं वरच्या अंगाला, नव्या बेटावर जाऊन राहिली. नाव तेच ठेवलं. मतदानही तिथेच करतात. मी तिथे जाऊन आले आहे. ह्याच्या आईच्या हातचं जेवले आहे.”

“हे लेखात कुठे आहे?”

“शेवटी होतं. कापलं गेलं.”

“अस्सं. कापलं गेलं.” उपनिरीक्षकांनी काचेवरून बोट फिरवत लेखाच्या तळाशी आणलं. तिथे कोरा पुठ्ठा होता. “मॅडम, लेख उत्तम आहे. आमच्या मिसेसनं मोठ्यानं वाचून दाखवला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, म्हणून तर जपून ठेवलाय. पण जे छापलंय तेच मी धरणार ना? न छापलेलं कुठे जोडू?”

“त्याच्या आईशी फोनवर बोला. गावच्या मुखियाशी बोला.”

“फोनवर कुणीही आई होतं.”

“मी त्याच्या आईला इथून कुकर नेऊन दिला. माझ्याकडे फोटो आहेत.”

“कुकर पुरावा होत नाही, मॅडम.”

दाराशी उभा असलेला शिपाई हसला. अस्मिताचे कान तापले. राग आला की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली जाई, आणि तिला ओळखणारे लोक त्यालाच जास्त भीत.

“छापलेलं दाखवलं तर सोडाल?”

“दाखवा की. उद्या सकाळी गाडी निघायच्या आत दाखवा. आम्हाला काय हौस आहे का?”

*

अस्मिता त्रेचाळीस वर्षांची. कर्वेनगरात वडिलांबरोबर राहते. एके काळी एका दैनिकाच्या पगारपत्रकावर तिचं नाव होतं. माणसं कमी करायची टूम निघाली तेव्हा ते पुसलं गेलं. तेव्हापासून ती स्वतंत्रपणे लिहिते, आणि लिहिते ते सीमाभागांबद्दल. नद्या काठ खातात त्याबद्दल, कुरणांवर कुंपणं पडतात त्याबद्दल, तिथून उठून निघालेल्या माणसांबद्दल आणि त्यांना वाटेत जे भोगावं लागतं त्याबद्दल. सोसायटीच्या जिन्यात ह्याची चेष्टा होते. “ह्या वेळी कुठली सरहद्द? कात्रजची की वाघोलीची?” असं खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दर वेळी विचारतात, आणि दर वेळी आपण हे पहिल्यांदाच विचारतोय अशा चेहऱ्यानं हसतात.

पण त्यांच्या थट्टेत त्यांना न कळलेलं तथ्य होतं. अस्मिताचं काम सीमेवर सुरू होतच नसे. ते पुण्यात सुरू होई. मंडईत पाट्या वाहणारा, हॉटेलच्या मोरीत भांडी घासणारा, मांजरीत नव्या इमारतीच्या स्लॅबवर पाय रोवून उभा राहणारा कुणी तरी. आधी त्याच्याशी ओळख काढायची, तीही सावकाश, चहाच्या टपरीवर, पावसाळाभर, उन्हाळाभर. मग तो म्हणाला, जाऊन ये आमच्याकडे, की जायचं. तेही त्याच्याशिवाय, एकटीनं, उलट्या दिशेनं, तो ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं. आणि रिकाम्या हातानं जायचं नाही. तो घरच्यांसाठी जे देईल ते पोचवायचं. आजवर तिनं स्वेटर नेले होते, गुडघ्याला चोळायचं मलम नेलं होतं, एकदा तर शिवणयंत्राचं चाक नेलं होतं. टिपणवही घेऊन आलेल्या बाईला लोक अंगणात उभं करतात. मुलानं पाठवलेली वस्तू घेऊन आलेल्या बाईला आत घेतात. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती, आणि ती तिनं कुणाला सांगितलीही नव्हती.

शुकुरनं कुकर दिला होता. तो आणि त्याची बायको आलेया, दोघं सुट्टीच्या दिवशी तुळशीबागेत जाऊन घेऊन आले. शिट्टी हरवू नये म्हणून आलेयानं ती वेगळी, रुमालात बांधून दिली. रेल्वेत तो कुकर अस्मिताच्या उशाशी होता, होडीत मांडीवर. जुनं काशीडोबा जिथे होतं तिथे नावाडी थांबला आणि त्यानं वल्हं पाण्यात सरळ खाली घातलं. ते टेकलं नाही. मग तो तिला वर, नव्या बेटावर घेऊन गेला. तिथे शुकुरच्या आईनं कुकर चुलीवर चढवला, आणि पहिली शिट्टी झाली तशी ती उठून झोपडीबाहेर पळाली. कोंबड्या उधळल्या. शेजारपाजारच्या बायका हसून हसून वाळूत बसल्या. मुखिया म्हणाला, झालं, गाव जागं झालं.

अस्मितानं लेख ह्याच क्षणावर संपवला. रचना तिनं जाणूनबुजून केली होती. आधी नदीत गेलेलं गाव, मग मांजरीतला शुकुर, मग रिकामं पाणी, आणि सगळं संपलं असं वाचकाला वाटलं की शेवटच्या तीन परिच्छेदांत नवं बेट, नवी घरं, तेच मतदान आणि कुकरची शिट्टी. चांगला शेवट हातात असला की तो वर उधळायचा नाही, ही पुरवणीत लिहिणाऱ्यांची जुनी खोड. बातमीदार अशी चैन करत नाही. त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं की महत्त्वाचं वर घ्या, कारण जागा कमी पडली की पान लावणारा खालून कापतो. हा धडा अस्मितानं स्वतः नव्या मुलांना शिकवला होता.

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शनिवारी दुपारी पुरवणीला एका सराफाची जाहिरात आली. पानाचा खालचा भाग तिला दिला गेला.

रविवारी सकाळी लेख आधी बाबांनी पाहिला. बाळ कानिटकर, सोसायटीचे बाळकाका, निवृत्त होईपर्यंत एका दैनिकात पानंच लावत होते. त्यांनी चष्मा वर करून पान लांब धरलं, जवळ धरलं.

“शेपूट गेलंय,” ते म्हणाले.

“कुठे?”

“जिथे असतं तिथे. बांगड्यांच्या खाली.”

अस्मितानं तसाच पुष्करला फोन लावला. पुष्कर पुरवणीचा संपादक. कधी काळी तिच्या हाताखाली उमेदवारी केलेला.

“माझा शेवट उडवलास.”

“जाहिरात आली, ताई. काय करू? पण वाचला काय जातोय लेख! मथळा बघितलास? ‘गाव नसलेला माणूस’. माझा आहे.”

“निदान शिट्टीचं वाक्य तरी ठेवायचंस.”

हेच ती बोलली होती. शिट्टीचं वाक्य. नव्या बेटाबद्दल, शुकुरचा खरा पत्ताच गेलाय ह्याबद्दल एक शब्दही नाही. दोन दिवस ती त्या वाक्यासाठी हळहळत होती, आणि मग दुसऱ्या कामाला लागली. आज चौकीच्या पायऱ्या उतरताना हे सगळं तिला लख्ख आठवलं आणि राग कुणाकुणात वाटून द्यायचा ते कळेना.

*

चौकीबाहेर कडुनिंबाखाली मथुराबाई डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या रानात एके काळी ऊस होता. आता तिथे पत्र्याच्या खोल्यांची ओळ आहे, आणि त्यातल्या एका खोलीत शुकुर आणि आलेया राहतात. आलेया कालपासून आतून कडी लावून बसली होती.

“सोडत्यात का?”

“छापलेलं मागताहेत.”

“छापल्यालं हाय की तुमचं. त्येच तर नडलंय.” मथुराबाईंनी पदर खोचला. “गाव बुडालं म्हून तुमीच लिवलं न्हवं? वाचमननं मला समदं वाचून दावलं. म्या म्हनलं, बाई लिवती झ्याक, पण ह्या गड्याला पार बुडवून टाकला.”

“नव्या गावाचंही लिहिलं होतं, मथुराबाई. खाली.”

“खाली कशापाई? खालचं कोन वाचतंय?”

मथुराबाईंनी डबा पुढे केला.

“ह्यो डबा आत द्या. भात अर्धाकच्चा ऱ्हायला व्हता चुलीवं, तसाच उचलून न्येला त्येला. पर माझं नाव घिऊ नगा. भाडेकरूंची नोंद का न्हाई केली म्हून मलाच पुसतील. लई भाडेकरू हायत माझे. समद्यांनाच न्येत्याल मंग.”

डबा शिपायानं घेतला, उघडून पाहिला, वास घेतला आणि आत नेला. अस्मितानं रिक्षा केली आणि वर्तमानपत्राचं कार्यालय गाठलं.

*

पुष्करच्या केबिनला काचेची भिंत होती. तिच्यावर गेल्या वर्षीच्या बक्षिसांची प्रमाणपत्रं लावली होती. त्यानं तिला बसवलं, कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं.

“भयंकर आहे, ताई.”

“वेबवर लेख अजून आहे. त्याला कापलेले तीन परिच्छेद जोड. दोन मिनिटांचं काम आहे.”

“काम दोन मिनिटांचं आहे. निर्णय दोन मिनिटांचा नाही.” पुष्करनं खुर्ची मागे घेतली. “आपण हात लावला की खाली ‘सुधारित’ असं येतं. म्हणजे आधीचं अपुरं होतं हे आपण मान्य केलं. पोलीस प्रकरण आहे. वकिलांना विचारावं लागेल.”

“विचार.”

“ते उद्या दुपारी येतील.”

“गाडी सकाळी आहे.”

“कळतंय मला. पण हे तुझं-माझं राहिलेलं नाहीये.”

“मग लेटरहेडवर पत्र दे. मजकूर जागेअभावी कमी केला, एवढंच लिही.”

“ते तर त्याहून वाईट! ताई, स्पष्ट बोलू का? तू फ्रीलान्स. उद्या चौकीतून फोन आला, ही बाई तुमची आहे का, तर मी काय सांगायचं?”

“लेख स्पर्धेला पाठवलास तेव्हा काय सांगितलंस?”

पुष्करनं कॉफीचा कप उचलला आणि न पिताच ठेवला. प्रवेशपत्रिकेत अस्मिताचं नाव ‘आमच्या विशेष प्रतिनिधी’ असं गेलं होतं. ते तिला त्याच कार्यालयातल्या एका मुलीनं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

“ती पद्धत असते,” तो म्हणाला.

“हो ना. तुमच्याकडे सगळ्याची पद्धत असते. बक्षीस यायचं असलं की मी तुमची, पोलीस यायचे असले की मी फ्रीलान्स. गाव कापायची पद्धत आहे, जोडायची नाही.”

“मी मुद्दाम कापलं का? बारा पानं लावायची असतात मला. तूच शिकवलंस, जागा नसली की खालून काप. आणि तूही जाणून होतीस. मग नवं गाव खाली का ठेवलंस? वर घेतलं असतंस तर आज दोघंही इथे बसलो नसतो.”

हे खरं होतं, म्हणूनच तिला ते त्याच्या तोंडून ऐकवेना. तिनं लॅपटॉप उघडला आणि कामाला लागली. पुष्कर फोनवर कुणाशी तरी सोमवारच्या जागेबद्दल बोलत होता. त्याचं बोलणं संपल्यावर तिनं पडदा त्याच्याकडे वळवला.

डावीकडे तिची मूळ प्रत, पुष्करला पाठवलेल्या ईमेलसकट. मध्ये छापलेलं पान. उजवीकडे त्याच पानावरची सराफाची जाहिरात, मोठी करून, नाव स्पष्ट दिसेल अशी. खाली दोन ओळी: ह्या बांगड्यांना जागा देण्यासाठी शुकुर अलीचं राहतं गाव कापलं. उद्या सकाळी त्याला देशाबाहेर घालवणार आहेत.

“हे मी टाकतेय. दुकानाला टॅग करून.”

पुष्कर वाचत असताना त्याच्या मानेवर लाली चढली. “सराफाला कशाला मध्ये आणतेस? त्यानं काय केलंय?”

“काहीच नाही. म्हणून तर तो सगळ्यात आधी तुमच्या मालकांना फोन करेल.”

“ब्लॅकमेल करतेयस तू मला.”

“पान लावतेय. डावीकडून उजवीकडे. वकिलांना विचारायचं असलं तर विचार, मी थांबते. बोट बटणावर ठेवून थांबते.”

काचेपलीकडे उपसंपादकांनी माना वर केल्या होत्या. आवाज ऐकू जात नव्हता, पण पुष्करचा चेहरा दिसत होता. त्यानं की-बोर्ड ओढला, शोधाशोध केली, शिव्या पुटपुटल्या, तिनं पाठवलेल्या मूळ प्रतीतून तीन परिच्छेद उचलले आणि लेखाच्या तळाशी डकवले. ‘सुधारित’ हा शब्द आपोआप आला.

“झालं? बघ.”

तिनं शेवटपर्यंत वाचून पाहिलं. आई पळत होती, कोंबड्या उधळत होत्या, मुखिया बोलत होता. सगळं जागच्या जागी होतं.

“झालं.”

“आता आपलं पुन्हा जमणार नाही, ताई. तुला कळतंय ना?”

“कळतंय. कॉफी बरी होती.”

मराठीत नियमित लिहायला तिच्याकडे ही एकच पुरवणी होती. बाहेरची इंग्रजी संकेतस्थळं तिचं लिहिलेलं घेत, पण ती मांजरीतला वॉचमन वाचत नसे, उपनिरीक्षकांच्या मिसेस वाचत नसत. जिना उतरताना तिनं हा हिशेब केला आणि तो मनातून काढून टाकला.

*

संध्याकाळी बाबांनी विचारलं, “आलं का छापून?”

“वेबवर.”

“म्हणजे नाही आलं.”

“बाबा, प्लीज.”

“मी चौकीबद्दल बोलतोय. फोनवर दाखवशील तर ते फोन बघतील, मजकूर नाही.” ते उठले, कोपऱ्यातल्या जुन्या प्रिंटरवरचं कापड काढलं आणि फुंकर मारली. “वरती पेपरचं नाव ठळक आलं पाहिजे. आणि दोन प्रती काढ. एक ते ठेवून घेतात.”

प्रिंटरनं पहिला कागद चघळला. दुसरा नीट आला. बाळकाकांनी तो हातात धरून, सवयीनं, तळाकडून वर पाहिला.

“बरा शेवट आहे,” ते म्हणाले. “मीही कापला असता.”

*

सकाळी चौकीसमोर गाडी उभी होती. निळी, खिडक्यांना जाळी लावलेली. आत माणसं बसवायला सुरुवात झाली होती. शुकुर अजून व्हरांड्यात होता, उकिडवा, चपला हातात धरून.

उपनिरीक्षकांनी कागद घेतले. पेपरचं नाव पाहिलं, तारीख पाहिली, ‘सुधारित’ पाहिलं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले. पहिल्यापासून, पाठ असलेला भागसुद्धा. तळाशी आले तेव्हा त्यांच्या मिश्या हलल्या.

“वा. शेवट छान आहे, मॅडम. मिसेसला दाखवतो.” त्यांनी कागद शिपायाकडे दिला. “हे आधीच छापायचं की. एवढा माणूस अडकला नसता. आमचाही वेळ वाचला असता.”

अस्मितानं पर्सचा पट्टा घट्ट धरला. तिला वाटलं, आपण तोंड उघडलं तर जे बाहेर पडेल त्यानं शुकुर पुन्हा गाडीत बसेल.

“फोन लावून घेऊ आता त्या आईला. औपचारिकता.”

“काल कुणीही आई होत होतं.”

“काल कागद नव्हता.” ते शांतपणे म्हणाले.

फोन लागला. मुखियाचा आवाज आला, मग एका बाईचा, घाबरलेला, वाऱ्यात उडणारा. उपनिरीक्षकांनी फोन तोंडाजवळ धरला आणि मोठ्यानं, शब्द सुटे करत विचारलं, “माताजी, घर में कुकर है क्या?”

तिला हिंदी कळेना. मग मुखियानं समजावल्याचं ऐकू आलं, आणि मग ती बाई रडायलाच लागली. “आसे, बाबा, आसे!”

“काय म्हणते?”

“आहे म्हणते,” अस्मिता म्हणाली.

“आहे.” उपनिरीक्षकांनी शिपायाला सांगितलं, “लिहा. कुकर आहे.”

गाव तेच होतं. आई तीच, मुखिया तोच, फोनचा नंबरही कालचाच. कालपासून जगात एवढाच फरक पडला होता की हे सगळं आता पेपरच्या नावाखाली होतं. अस्मिताच्या मुठी पर्सच्या पट्ट्यावर आवळल्या होत्या. नखांचे वण तिला नंतर घरी दिसले.

शुकुरला त्याचा फोन, पट्टा आणि कार्ड परत मिळालं. सही कुठे करायची ते शिपायानं दाखवलं. तो बाहेर आला, चपला घातल्या, आणि कडुनिंबाखाली मथुराबाई उभ्या होत्या तिकडे गेला. त्यांनी रिकामा डबा त्याच्या हातातून घेतला.

“जेवला का न्हाई?”

“खाया, मौसी.”

“बरं झालं सुटला. आता खोली बग दुसरी. ह्या महिन्यापुरता ऱ्हा. मला ह्ये परत नगं, बाबा.” त्यांनी हे त्याच्याकडे न बघता सांगितलं, आणि मग स्वतःवरच चिडल्यासारख्या भराभर चालायला लागल्या.

शुकुर तसाच उभा राहिला. अस्मिता जवळ आली. तिनं मनाशी जुळवलेली वाक्यं होती, चुकीबद्दलची, माफीची. पण त्यानंच आधी बोलून टाकलं.

“दीदी, मेरा नाम अब मत लिखना.”

“नहीं लिखूंगी.”

“अच्छा भी मत लिखना.” तो हे रागावून म्हणाला नाही. एखाद्याला वाटेतला खड्डा दाखवावा तसा म्हणाला. “आप अच्छा लिखती हो. उसी से मैं फंसा.”

मग तोही गेला, मथुराबाईंच्या मागे, थोडं अंतर ठेवून.

गाडीचं मागचं दार बंद झालं. आत बसलेल्यांपैकी कुणावर कुणी लेख लिहिला नव्हता. कुणाच्या घरी कुणी कुकर नेला नव्हता. त्यांचीही गावं होती, आया होत्या, फोन नंबर होते, आणि कालच्या शुकुरच्या गावाला, आईला आणि नंबरला जेवढी किंमत होती तेवढीच ह्यांनाही होती. जाळीला एक चेहरा टेकला होता. सुटलेल्या शुकुरला जाताना त्या माणसानं पाहिलं होतं, आणि चौकीतलं बोलणंही ऐकलं होतं.

“दीदी,” त्यानं हाक मारली. “मेरा भी लिख दो.”

ड्रायव्हर चढत होता. अस्मिता जाळीपाशी गेली. टिपणवही पर्सच्या तळाशी होती, ती शोधत बसायला वेळ नव्हता. बाबांनी काढायला लावलेली दुसरी प्रत तिच्या हातात होती. तिनं ती उलटी केली आणि गाडीच्या पत्र्यावर टेकवली.

“नूरजमाल, मेरा नाम...”

“नाम बाद में,” ती म्हणाली. “पहले गांव. अभी कहां है, वो बताओ.”

तो सांगू लागला. गाव, मग गावाशेजारचा बांध, मग शाळा, मग कुणाच्या घरापलीकडे कुणाचं घर. ती लिहीत होती. पत्रा थरथरायला लागला तशी अक्षरं वाकडी झाली. इंजिन सुरू झालं होतं.

“मॅडम, बाजूला व्हा,” उपनिरीक्षक पायरीवरून म्हणाले. मग कुतूहलानं दोन पावलं खाली आले. “हे छापून येणार आहे का?”

“येणार,” ती म्हणाली.

कुठे, ते तिला माहीत नव्हतं. गाडी हलली तशी तीही तिच्याबरोबर चालायला लागली, कागद पत्र्याला धरून, आणि जाळीतून येणारं नाव, आता माणसाचं, पहिल्या ओळीखाली लिहीत राहिली.